तुरुंगही त्यांचा, चावीही त्यांची!

लिस्बनमध्ये पाऊल ठेवल्यापासून आमच्या चिरंजीवांनी एक खेळ काढला होता. रस्त्याने जाताना दुकानांच्या पाट्या वाचायच्या आणि ओळखीचा शब्द सापडला की मोठ्याने जाहीर करायचा. पहिल्या दोन दिवसांत त्याने बेकरीत ‘पाव’ पकडला, किराणा दुकानात ‘साबण’ पकडला, भाजीवाल्याकडे ‘बटाटा’, ‘कोबी’ आणि ‘अननस’ असे तिघे एकदम पकडले. आणि एका बोळात किल्ल्या करून देणाऱ्या म्हाताऱ्याच्या टपरीवर ‘चावी’ सापडली, तेव्हा तर स्वारी तिथून हलेना. उच्चार थोडे इकडेतिकडे झालेले; पण साडेचारशे वर्षे शेजार केल्यावर शब्दांची एवढी ये-जा व्हायचीच. मी मराठीचा प्राध्यापक. पोर्तुगीजांकडून मराठीत आलेले शब्द वर्गात शिकवतो, तेव्हा मागच्या बाकांवर जांभया सुरू होतात. इथे माझा चौदा वर्षांचा मुलगा तोच धडा रस्त्यावर आपण होऊन गिरवत होता!

तिसऱ्या दिवशी चहा घेताना मी त्याला म्हणालो, “आज तुला एक मोठा शब्द दाखवतो. तुरुंग.”

“तो पण यांचाच?”

“यांचाच. ‘त्रोंकू’ म्हणजे झाडाचे खोड, ओंडका. गुन्हेगाराचे पाय ओंडक्यात अडकवून ठेवीत. आपणही खोडावरून खोडा केलाच की! त्या त्रोंकूचा आपल्याकडे येऊन तुरुंग झाला, असे कोशकार सांगतात.”

ज्या भाचीकडे आम्ही उतरलो होतो, ती इथे संगणकाच्या नोकरीत आहे. आमच्यासाठी तिने दोन दिवसांची रजा काढली होती आणि समुद्रकिनाऱ्याचा बेत आखला होता. तिचा चेहरा पडला. “मामा, लोक लिस्बनला येऊन समुद्रावर जातात. तुम्ही तुरुंगात निघालात!”

“आपल्या घरातली माणसे पूर्वी यांच्या पोलिसांच्या हाती लागत, तेव्हा कुणी समुद्रावर नेत नव्हते,” मी म्हणालो. सौभाग्यवतींनी माझ्याकडे पाहिले. हा विषय कुठे जाणार, हे त्यांना ठाऊक होते. वाचकांनाही तो लौकरच कळेल.

लिस्बनची अठ्ठावीस क्रमांकाची ट्राम म्हणजे पिवळी, लाकडी, कुरकुरत चढ चढणारी एक वत्सल म्हातारी आहे. मुंबईची ट्राम १९६४ साली बंद झाली. मी ती पाहिली नाही, वडिलांच्या तोंडून ऐकली. तिच्या घंटेचे वर्णन करताना त्यांचा आवाज बदलत असे. या ट्रामने आम्हांला जुन्या गावाच्या चढावर, बाराव्या शतकातल्या मोठ्या चर्चपाशी सोडले. पर्यटकांची ही गर्दी! सगळे चर्चची छायाचित्रे घेत होते. बरोबर त्याच चर्चच्या शेजारी एक साधी, उंच, कोणाच्याही नजरेत न भरणारी इमारत उभी आहे. खिडक्यांना गज आहेत, एवढाच काय तो फरक. तिचे नाव अल्झुब.

हे नाव पोर्तुगीजांचेही नव्हे. ते अरबांचे. अरबीत ‘अल्-जुब्ब’ म्हणजे खोल विहीर, हौद, अंधारकोठडी. अरब या गावातून कधीच निघून गेले. शब्द आणि अंधार मागे राहिला. पुढे इथे चर्चच्या न्यायासनाने कैद केलेली माणसे ठेवीत. मग अनेक वर्षे हा बायकांचा तुरुंग होता. १९२८ पासून राजकीय कैदी येऊ लागले, ते १९६५ पर्यंत येत राहिले. त्यानंतर तुरुंग बंद झाला, आणि २५ एप्रिल २०१५ रोजी लिस्बन नगरपालिकेने इथे ‘प्रतिकार आणि स्वातंत्र्य’ या नावाचे संग्रहालय उघडले.

राजकीय कैदी कोणाचे, तर सालाझार यांच्या राजवटीचे. हे गृहस्थ मूळचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक! १९३२ साली पंतप्रधान झाले आणि १९६८ पर्यंत, म्हणजे छत्तीस वर्षे, खुर्चीवरून उठले नाहीत. खरोखरीच एका खुर्चीवरून पडून जायबंदी झाले, तेव्हा उठले. प्राध्यापकाच्या हाती देश गेला तर तो हजेरीपट किती कडक ठेवील, याचे हे एक उदाहरण आहे, आणि मी ते माझ्या सहकाऱ्यांना मुद्दाम सांगणार आहे. ही हजेरी घेणारे खाते म्हणजे त्यांचे गुप्त पोलीस. १९३३ साली ते एका नावाने निघाले, १९४५ साली दुसरे नाव घेतले: ‘आंतरराष्ट्रीय व राज्यसंरक्षण पोलीस’. पोर्तुगीजमधल्या आद्याक्षरांचा उच्चार होतो ‘पीद’. मराठी कानाला यात ‘पीडा’ ऐकू येते, आणि या बाबतीत मराठी कान चुकत नाही.

आत शिरल्यावर माझे पाय पहिल्यांदा थबकले ते छापखान्यापाशी. तुरुंग पाहायला आलो होतो. पण सुरुवात होते ती शब्दांच्या कैदेपासून. वर्तमानपत्राचा प्रत्येक मजकूर छापण्याआधी सरकारी तपासनिसाकडे जाई. त्याच्या हाती निळी पेन्सिल असे. नको तो मजकूर निळ्या रेघेखाली गेला की संपला. पोर्तुगालमध्ये ‘निळी पेन्सिल’ म्हटले की आजही लोकांना या तपासणीचीच आठवण होते. आम्ही मास्तर लोक तांबड्या पेन्सिलीने लिहिणाऱ्याची चूक दाखवतो. ही निळी पेन्सिल लिहिणाऱ्यालाच चूक ठरवी. आणि या पेन्सिलीला उत्तर म्हणून घराच्या मागच्या खोल्यांतून, स्वयंपाकघरांतून लपवून चालवलेले छापखाने होते. सुटकेसमध्ये मावेल अशी सामग्री, सिगारेटच्या कागदासारख्या पातळ कागदावर बारीक अक्षरांत छापलेली पत्रके. छापणारे जोडपे शेजाऱ्यांना साध्या संसाराचे सोंग दाखवी. यंत्राचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून काय काय करीत, ते वाचताना सौ. म्हणाल्या, “यातल्या बाईला दोन संसार करावे लागत असतील.” मला हे सुचले नव्हते.

गोव्यातही ही पेन्सिल पोचली होती. लग्नाची आमंत्रणपत्रिकासुद्धा तपासनिसाला दाखवून छापावी लागे, असे जुने गोवेकर सांगत. सभेवर बंदी, भाषणावर बंदी. १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहिया मडगावात उभे राहिले, ते प्रथम याच साध्या हक्कासाठी: चार माणसांनी एकत्र येऊन बोलावे.

लेखकांपैकी ज्यांना या इमारतीचा पाहुणचार मिळाला, त्यांत मिगेल तोर्गा यांचे नाव पाहिले आणि मला थोडे बरे वाटले, थोडे वाईट. बरे अशासाठी, की एवढ्या मोठ्या लेखकाच्या पावलावर पाऊल पडत होते. पेशाने डॉक्टर, वृत्तीने कवी. त्यांचे खरे नाव वेगळे. ‘तोर्गा’ हे खडकाळ डोंगरावर चिवटपणे तग धरणाऱ्या एका झुडपाचे नाव त्यांनी स्वतःला घेतले. १९३९ साली एका पुस्तकापायी त्यांना पकडले. पुस्तकात काय होते? स्पेनमधल्या यादवी युद्धाच्या दिवसांतला प्रवास आणि तिथल्या हुकूमशाहीबद्दल स्पष्ट शब्द. शेजारच्या देशाबद्दल लिहिले म्हणून आपल्या देशात तुरुंग! दोन-तीन महिन्यांनी सुटले, पुन्हा दवाखाना उघडला, पुन्हा लिहू लागले.

वरच्या मजल्यावर कोठड्या आहेत.

मूळच्या कोठड्या राहिल्या नाहीत. संग्रहालयाने त्यांतल्या काही मोजमापाप्रमाणे पुन्हा उभारल्या आहेत. एक मीटर रुंद, दोन मीटर लांब. आपल्याकडच्या पलंगाएवढी जागा म्हणा ना. भिंतीला बिजागरीने अडकवलेली एक फळी. ती खाली टाकली की बिछाना, वर केली की उभे राहायला वाव. दोन्ही एकदम नाही. कैदी या कोठड्यांना ‘कुर्रुश’ म्हणत. झुंजीचा बैल मैदानात सोडण्यापूर्वी ज्या अंधाऱ्या खोपटात कोंडतात, त्याचे हे नाव. चिरंजीव आत जाऊन उभे राहिले. हात पसरायला गेले, तर दोन्ही तळवे भिंतींना टेकले. मी म्हटले, “बाहेर ये.” तो म्हणाला, “थांबा बाबा, मोजतोय.” काय मोजत होता कोण जाणे. बराच वेळ आला नाही. मग त्याची आईच म्हणाली, “पुरे आता,” आणि तिचा आवाज मला नेहमीचा वाटला नाही.

या कोठडीत बसणे ही शिक्षा नव्हती. ती प्रतीक्षा होती. चौकशी इथे होत नसे. चौकशीसाठी गाडीत घालून पोलिसांच्या मुख्य कचेरीत नेत. तिथल्या पद्धतींची नावे ऐकायला अगदी निरुपद्रवी आहेत. एकीला म्हणत ‘पुतळा’. कैद्याने उभे राहायचे, बस एवढेच. मारायचे नाही, बोलायचे नाही, नुसते उभे करायचे: दिवस, रात्र, पुन्हा दिवस. पाय सुजून बूट फाटेपर्यंत. दुसरीचे नाव ‘झोप’, म्हणजे झोप न देणे. पहारेकरी पाळीपाळीने बदलत, कैदी तोच. दिवसांमागून दिवस जागे ठेवलेल्या माणसाला भिंतीतून माणसे निघताना दिसू लागत. लाठीचे वळ न्यायाधीशाला दाखवता येतात; न झालेली झोप कशी दाखवणार?

भेटीची जागा पाहून मात्र मला कोठडीपेक्षाही जास्त गुदमरले. कैदी एका जाळीमागे, घरची माणसे दुसऱ्या जाळीमागे, मध्ये मोकळी जागा. हाताला हात लागणे नाही. एकाच वेळी अनेकांच्या भेटी, म्हणून प्रत्येकाने ओरडून बोलायचे. घरी भाडे थकले आहे, धाकटीला गोवर आलाय, आई गेली, हे सगळे ओरडून! संसारातल्या ज्या गोष्टी आपण दार लोटून हळू आवाजात बोलतो, त्या या बायकांनी पहारेकऱ्यादेखत ओरडून सांगितल्या असतील.

आता माझा विषय सांगतो. माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ, आम्ही त्यांना भाऊआजोबा म्हणत असू, १९५५ च्या पावसाळ्यात गोवा सत्याग्रहाच्या एका तुकडीबरोबर पुण्याहून निघाले. वय वीस. त्या वर्षी मे महिन्यात सेनापती बापट आणि नानासाहेब गोरे यांच्या तुकडीने सुरुवात केली होती. मग तुकड्यांमागून तुकड्या गेल्या. पुढाऱ्यांना लांबलचक शिक्षा ठोठावून आग्वादच्या किल्ल्यात टाकले. बाकीच्यांना बेदम मारून रात्री-अपरात्री हद्दीपलीकडे फेकून देत. पंधरा ऑगस्टला तर सरळ गोळ्याच घातल्या; वीसांहून अधिक माणसे गेली. भाऊआजोबा त्याआधीच्या तुकडीतले, म्हणून वाचले. परत आले ते उजवा गुडघा मोडून. तो पुढे जन्मभर दुखला, आणि पावसाळ्यात फार. आभाळ भरून आले की ओटीवर गुडघा चोळत ते म्हणत, “सालाझार आला रे!” आम्हां पोरांना वाटे, सालाझार हे वाऱ्याचे किंवा पावसाचेच नाव. मी चौथीत असताना निबंधात ‘मृगाचा पाऊस’ आणि ‘सालाझार’ असे दोन पाऊस लिहिले होते, ही आमच्या घरातली जुनी गंमत आहे.

त्यांना कोणी मारले, ते त्यांना कधीच कळले नाही. अंधार होता. पण त्या काळी गोव्यात एक नाव दहशतीने घेतले जाई: कासिमिरो मोंतेरो. सत्याग्रहींना आणि स्वातंत्र्यसैनिकांना छळण्यात या पोलिसाने नाव कमावले होते. या नावाचा पुढचा प्रवास फार थोड्या मराठी वाचकांना ठाऊक असेल. १९५८ साली जनरल उंबेर्तो देल्गादो यांनी राष्ट्राध्यक्षपदासाठी निवडणूक लढवली. निवडून आलात तर सालाझारांचे काय कराल, असे विचारल्यावर त्यांनी सरळ सांगितले की, बडतर्फ करीन. निवडणूक अर्थातच त्यांना जिंकू दिली नाही. देश सोडावा लागला. १३ फेब्रुवारी १९६५ रोजी ‘पीद’ने त्यांना फसवून स्पेनच्या सरहद्दीजवळ बोलावले आणि तिथे त्यांचा व त्यांच्या सेक्रेटरी बाईंचा खून केला. जनरलवर पिस्तूल चालवणारा होता हाच कासिमिरो मोंतेरो, आता ‘पीद’चा माणूस. १९८१ साली न्यायालयाने त्याला त्याच्या गैरहजेरीत दोषी ठरवले. तो काही हाती लागला नाही. म्हणजे गोव्याच्या चौकीत जी मूठ आवळायला शिकली, तीच पुढे पोर्तुगालच्या सेनानीवर उठली.

आमच्या लहानपणी घरात ‘पोर्तुगीज’ हा एकच शब्द होता. त्यात सालाझारही होते, मोंतेरोही होता, आणि पाव भाजणाराही. अल्झुबच्या जिन्यावर त्या शब्दाचे तुकडे होऊ लागतात. एक तारीख सांगतो. १९ डिसेंबर १९६१. आपल्याला ही तारीख पाठ आहे: या दिवशी गोवा मुक्त झाला, पणजीत तिरंगा चढला. त्याच दिवशी लिस्बनच्या एका रस्त्यावर ‘पीद’च्या लोकांनी झुझे दियश कुएल्यू नावाच्या शिल्पकाराला गोळ्या घातल्या. भूमिगत कार्यकर्त्यांना खोटी ओळखपत्रे करून देणे हा त्याचा गुन्हा. हात कलावंताचा, त्यामुळे शिक्के आणि सह्या अशा हुबेहूब उतरत की पोलीसही फसत. ज्या रस्त्यावर तो पडला, त्याला आज त्याचे नाव आहे. पणजीत लोक नाचत होते आणि इथे तो रस्त्यात पडला होता, एकाच सरकारच्या दोन टोकांना!

आपली माणसेही याच देशातल्या तुरुंगांत होती. त्रिस्ताव ब्रागांझा कुन्या यांना पेनिशच्या सागरी किल्ल्यात ठेवले होते. मराठी शिक्षक म्हणून गोव्यात गेलेले सांगलीचे मोहन रानडे १९५५ च्या ऑक्टोबरात बेतीच्या पोलीस चौकीवरील हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले, आणि पुढे लिस्बनजवळच्या काशियशच्या किल्ल्यात कोंडले गेले. गोवा मुक्त झाला, पण रानडे सुटले नाहीत! आणखी सात वर्षे गेली. सुधीर फडके यांनी त्यांच्या सुटकेसाठी समिती काढली, जिवाचे रान केले. १९६९ च्या जानेवारीत रानडे सुटले. ज्या हार्मोनियमवर ‘गीतरामायण’ जन्मले, ती पेटी मिटून त्या माणसाने किती कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले असतील! अल्झुबच्या खिडकीतून काशियश दिसत नाही. नदीचा काठ धरून पश्चिमेला गेले की ते लागते. मी त्या दिशेला बराच वेळ पाहत होतो.

सर्वांत वरच्या मजल्यावर उपाहारगृह आहे. खाली कोठड्या आणि वर कॉफी, हे आधी मला रुचले नाही. पण वर गेल्यावर समोर तेझू नदीचे ते अफाट पात्र दिसले, आणि वाटले, कैद्यांना जे दाखवले नाही, ते निदान पाहणाऱ्यांना दाखवले हे बरेच केले. शेजारच्या टेबलावर पंच्याहत्तरीच्या घरातल्या एक बाई नातीबरोबर बसल्या होत्या. सौभाग्यवतींच्या साडीकडे पाहून त्यांनी विचारले, “इंडिया?”

“हो.”

“गोवा?”

“गोव्याच्या शेजारचे,” मी म्हणालो. पुढचे बोलणे भाचीच्या मध्यस्थीने झाले. बाई म्हणाल्या, “शाळेत आम्हांला नकाशा पाठ होता. गोवा, दमण, दीव. एक जरी विसरले तरी छडी. माझा थोरला भाऊ तुमच्याकडे होता.”

“नोकरीला?” सौ.नी सहज विचारले.

“नाही, कैदेत.”

आम्ही तिघेही गप्प झालो. १९६१ च्या डिसेंबरात गोव्यात तीन हजारांहून अधिक पोर्तुगीज सैनिक शरण आले, हे मी वाचले होते. पण त्यांतल्या एकाची बहीण कॉफीत साखर ढवळत समोर बसेल, असे कधी मनात आले नव्हते. सालाझार यांनी १४ डिसेंबरला गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्व्हा यांना संदेश धाडला होता: तह नाही, शरणागती नाही, आमचे सैनिक एकतर जिंकतील नाहीतर मरतील. लिस्बनमध्ये बसून हे लिहिणे सोपे. गव्हर्नरने पोरांना मरू दिले नाही. त्याबद्दल त्यांना पुढे सैन्यातून काढून टाकले. क्रांतीनंतर, १९७४ साली, त्यांची पदवी त्यांना परत मिळाली.

“तिथे त्याला मारले का?” मी विचारले. विचारायला अवघड वाटत होते, पण विचारले.

“मीही त्याला तेच विचारले होते,” बाई म्हणाल्या. “तो म्हणाला, डास फार, आणि रोज भात. मे महिन्यात सोडले. बोट इथे धक्क्याला लागली, तेव्हा खाली आपलेच शिपाई बंदुका घेऊन उभे. आईला जवळ जाऊ देईनात. जिवंत परत आला, हाच त्याचा गुन्हा. पुढे कितीतरी वर्षे घरात गोव्याचे नाव काढायचे नाही. खालच्या मजल्यावरचा शेजारी ऐकेल, ही भीती. तो पोलिसांना बातम्या पुरवतो, असे सगळे म्हणत.”

“खरेच पुरवत होता?”

बाईंनी खांदे उडवले. “ते मला आजही माहीत नाही. बिचारा चांगलाही असेल.”

मग मी भाऊआजोबांची गोष्ट सांगितली. हद्दीवरची रात्र, गुडघा, आणि पाऊस आला की ‘सालाझार आला’. भाची ते पोर्तुगीजमध्ये सांगत होती. शेवटच्या वाक्याशी अडखळली, पुन्हा जुळवून सांगितले. बाई आधी दचकल्या आणि मग इतक्या हसल्या की त्यांना रुमाल काढावा लागला. नातीला त्यांनी ते वाक्य दोनदा म्हणायला लावले. जाताना टेबलाला धरून उठल्या, स्वतःच्या गुडघ्यावर थाप मारली आणि म्हणाल्या, “इथेही येतो तो.”

२५ एप्रिल १९७४. सालाझार त्याआधी चार वर्षे वारले होते. त्यांचे वारस राज्य चालवीत होते. पहाटे तरुण लष्करी अधिकाऱ्यांनी रणगाडे शहरात आणले, लोकांनी सैनिकांच्या बंदुकांत तांबडी कार्नेशनची फुले खोचली, आणि संध्याकाळपर्यंत अठ्ठेचाळीस वर्षांची हुकूमशाही कोसळली. काशियशचे कैदी दुसऱ्या रात्री सुटले. तीन दिवसांनी पॅरिसहून आगगाडीने एक निर्वासित वकील परत आला: मारिओ सोआरिश. या माणसाला बारा वेळा अटक झाली होती. अल्झुब त्याच्या परिचयाचे. १९४९ साली त्याचे लग्न झाले तेही कैदेत असताना. देल्गादो कुटुंबाचे वकीलपत्र त्यानेच घेतले, आणि १९६८ साली त्याला साओ टोमे बेटावर हद्दपार केले. क्रांतीनंतर तो परराष्ट्रमंत्री झाला. पुढे पंतप्रधान, मग राष्ट्राध्यक्षही.

या परराष्ट्रमंत्र्याने ३१ डिसेंबर १९७४ रोजी नवी दिल्लीत एका तहावर सही केली. गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर-हवेली यांवरील भारताचे सार्वभौमत्व पोर्तुगालने त्या दिवशी मान्य केले. तेरा वर्षे हा देश ते नाकारत होता. आणि भारताच्या वतीने सही कोणाची? आपल्या यशवंतराव चव्हाणांची. तेही १९३२ साली इंग्रजांच्या राज्यात येरवड्याला शिक्षा भोगून आलेले. टेबलाच्या दोन्ही बाजूंना तुरुंग पाहिलेली माणसे! त्या दिवशी दोघांमध्ये तुरुंगाच्या गोष्टी निघाल्या की नाही, मला ठाऊक नाही. मी तिथला कारकून असतो तर चहा नेण्याच्या निमित्ताने दाराशी थोडा रेंगाळलो असतो.

चिरंजीवांना मी हे जिन्यावरून उतरताना सांगितले. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, “म्हणजे तुरुंग पण त्यांचा, चावी पण त्यांचीच.” हा त्याचा शब्दांचाच खेळ होता. मी काही पुस्ती जोडली नाही.

‘पीद’ची मुख्य कचेरी, जिथे ‘पुतळे’ उभे करीत, ती इथून फार लांब नाही. शियादो हा लिस्बनचा जुना शौकीन भाग, पुस्तकांची दुकाने आणि नाटकगृहे. तिथल्या एका उतरत्या रस्त्यावर ती होती. क्रांतीच्या दिवशी साऱ्या शहरात फुले वाटली जात होती, तेव्हा या इमारतीच्या खिडक्यांतून पोलिसांनी जमावावर गोळ्या झाडल्या. चार जण मेले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते शरण आले. या इमारतीचेच संग्रहालय व्हायला हवे होते, असे पुष्कळांना वाटत होते. पण तिथे श्रीमंती सदनिका बांधायचे ठरले. २००५ साली लोक रस्त्यावर जमले, ‘स्मृती पुसू नका’ म्हणून चळवळ उभी केली. सदनिका झाल्याच. पण त्या चळवळीच्या रेट्यातून दहा वर्षांनी अल्झुबचे संग्रहालय झाले. हिशेब ज्याने त्याने करावा.

संध्याकाळी आम्ही तिकडेही गेलो. दर्शनी भिंत स्वच्छ रंगवलेली. चार मृतांची आठवण करून देणारा एक दगडी फलक आहे. शोधावा लागतो, पण आहे. समोरून ट्राम गेली. वरच्या एका सज्जात कोणीतरी कुंड्यांना पाणी घालीत होते. एक थेंब चिरंजीवांच्या चष्म्यावर पडला. फलकावरची नावे त्याने पुसलेल्या चष्म्यातून मोठ्याने वाचली, उच्चार भाचीने सुधारून दिले.

सौ. मान वर करून खिडक्या मोजत होत्या. “इथे जागेचा भाव काय असेल गं?” त्यांनी भाचीला विचारले.

भाचीने भ्रमणध्वनीवर पाहून आकडा सांगितला. तो रुपयांत करून सांगण्याचे काम माझ्याकडे आले. मी दोनदा गुणाकार केला आणि म्हणालो, “चला, शेवटची ट्राम चुकेल.”